दावं धरणारा मालक नसतो

तो इंग्रज नाही, अमेरिकन आहे, हे मी गोंदियाच्या बैलबाजारात किती लोकांना समजावून सांगितलं असेल याची गणती नाही. कुणाला त्यात फरक दिसला नाही. त्यांच्या लेखी गोरा तो गोरा आणि टोपी ती टोपी. मला मात्र फरक दिसला होता, आणि माझं जे नुकसान झालं ते त्या फरकावर विश्वास ठेवल्यामुळे झालं. नुकसान म्हणजे पैशाचं नव्हे. पैशाच्या बाबतीत तो माणूस चोख होता, हे त्याच्या विरुद्ध लिहायला बसलो असतानाही मी मान्य करतो.

मी बैलांचा दलाल; कधी स्वतःच घेऊन विकतोही. आईबाप एकाच साथीत गेले तेव्हा मी बैलाच्या वशिंडाला हात पुरणार नाही एवढा होतो. शाळा दोन इयत्तांची. पुढे मोठेपणी एका मास्तरांकडून लिहिणं-वाचणं पक्कं करून घेतलं आणि त्या बदल्यात त्यांना दुभती गाय मिळवून दिली. गाय चांगली निघाली, म्हणून शिकवणीही चांगली झाली. बाकी सगळं बाजारानं शिकवलं. आमगाव, गोंदिया, पलीकडे बालाघाट, जिथे बैल उभे राहतात तिथे मी उभा राहिलो. वारशानं मला फक्त राग मिळाला. बापही असाच तापट होता म्हणतात.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर बसतात, दलाल आपला दुपट्टा त्यांच्या हातांवर टाकतो, आणि त्याखाली एकमेकांची बोटं धरून भाव सांगतात. भोवती सगळा बाजार उभा असला तरी दुपट्ट्याखालचं तिसऱ्याला कळत नाही. शेवटी एक जण दुसऱ्याचा अख्खा पंजा धरून दाबतो. तो दाबला की संपलं. कागद नाही, साक्षीदार नाही. त्यानंतर कुणी दुप्पट देऊ लागला तरी तो बैल त्याला मिळत नाही. पंजा दाबून फिरलेली माणसं मी फार थोडी पाहिली, आणि त्यांना पुन्हा बाजारात कुणी पाणी विचारलेलं पाहिलं नाही.

मला वाढवलं माझ्या मोठ्या बहिणीनं. मी तिला बाई म्हणतो. दवनीवाड्याच्या बाजूच्या एका गावात तिला दिली होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालं नाही, पण तिनं सासरची धानाची शेती सोडली नाही. जमीन मालगुजाराची, म्हणजे गावच्या जमीनदाराची, ती कूळ. गावच्या तलावाखाली तिच्या बांध्या होत्या. धुरा घालून पाणी अडवलेल्या धानाच्या तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो. सगळ्यात खालच्या, सदा पाणी राहणाऱ्या बांधीत दरवर्षी सारसांची एक जोडी घरटं करायची. माणसाएवढा उंच पक्षी, मान आणि डोकं लाल, बाकी अंग राखेच्या रंगाचं. बाई त्या बांधीत रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करताना घरट्याभोवतीची जागा सोडून द्यायची. तेवढं धान बुडायचं. शेजारचे हसायचे.

"ते बी कुळच हायेत ना गा," ती म्हणायची. "आपन मालगुजाराचे कुळ, ते आपले. आपल्याले कोनी उठवलं त कसं वाटन?"

अमेरिकन माणूस आला त्या वर्षी पाऊस वेळेवर होता आणि सगळीकडे रोवणे चालू होते. स्टेशनवर त्याच्या पेट्याच पेट्या उतरल्या. जाळ्या, बाटल्या, दुर्बीण, दोन बंदुका. पाखरांचा आणि जनावरांचा अभ्यास करणारा माणूस होता. जीवशास्त्रज्ञ हा शब्द मला नंतर मास्तरांनी सांगितला. डाकबंगल्यात उतरला, आणि तलावातलावांनी फिरायला हाकणाऱ्यासकट भाड्यानं बैलगाडी हवी म्हणून बाजारात आला. हिंदी तो कुठल्या तरी पादऱ्याच्या मुनशीकडून शिकला होता आणि बरी बोलायचा.

मी भाव सांगितला. भाव ऐकून साहेब लोक एक तर ओरडतात किंवा पाकीट काढतात. यानं दोन्ही केलं नाही. तो खाली मातीत बसला आणि माझ्या खांद्यावरच्या दुपट्ट्याकडे बोट दाखवून म्हणाला, "इसके नीचे बात करेंगे?"

"तुमको मालूम है यह?"

"सुबह से देख रहा हूँ. समझा नहीं. सिखाओ."

मी शिकवलं. कुठलं बोट काय, किती पेरं धरायची, नाही कसं म्हणायचं. एकदाच सांगावं लागलं. मग त्यानं दुपट्ट्याखाली मला उतरवलं. कितीनं उतरवलं ते मी आजही सांगणार नाही. उठताना तो हसला आणि म्हणाला, मला साहेब म्हणू नका, मी शेतकऱ्याचा मुलगा आहे.

त्याचं सगळं आयुष्य मी गाडीत बसून ऐकलं. या तलावावरून त्या तलावावर जाताना तो बोलायचा आणि मी बैल हाकायचो. त्याच्या बापाकडे मक्याची शेती आणि डुकरं होती. आई लहानपणीच गेलेली. एकदा डुकरं सांभाळायला ठेवलं असताना हा मक्यात पालथा पडून एका पाखराचं घरटं बघत राहिला आणि डुकरं शेजाऱ्याच्या शेतात शिरली. बापानं कंबरेच्या पट्ट्यानं मारलं आणि सांगितलं, जनावर विकायला असतं, बघायला नसतं. मी म्हटलं, तुझा बाप आमच्या बाजारात शोभला असता. त्यावर तो खूप हसला.

पुढे घर सोडलं. ज्या गावात मोठं विद्यालय होतं तिथे जाऊन घोड्यांच्या तबेल्यात झाडायचं काम धरलं, वर गवताच्या माळ्यावर झोपायचा. एकदा मेलेला ससाणा त्यानं सोलून, कापूस भरून ठेवला, तो तिथल्या एका प्राध्यापकानं पाहिला. त्या प्राध्यापकाच्या बाटल्या धुता धुता आणि पाखरं सोलता सोलता याला शेवटच्या बाकावर बसायची परवानगी मिळाली. पुस्तकं उसनी आणायची, भट्टीच्या उजेडात वाचायची. परीक्षा दिल्या, पास झाला.

मग त्यानं मला ती गोष्ट सांगितली. दलदलीत राहणाऱ्या एका पाखराची पिल्लं गर्दीत आपल्या आईचा आवाज कसा ओळखतात, हे त्यानं चिखलात उभं राहून शोधून काढलं. लिहून प्राध्यापकाला दिलं. प्राध्यापकानं मोठ्या सभेत ते स्वतःचं म्हणून वाचलं.

"मैं दरवाजे पर खड़ा था," तो म्हणाला. "सब लोगों के कोट मेरे हाथ में थे. उसने मेरा नाम भी नहीं लिया."

"फिर तुमने क्या किया?"

"सभा खत्म हुई तो कोट वापस दिए. उसका कोट भी."

मी गाडी थांबवली. बैल घेताना मी वय कळायला दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. माणूस घेताना त्याला कुणी कसं फसवलं हे ऐकतो. ज्याच्या ताटातला घास काढून घेतला गेला आहे, तो दुसऱ्याच्या ताटात हात घालणार नाही, हा माझा हिशेब होता. माझ्याही ताटातले घास पुष्कळांनी काढले होते, आणि तरी मी कधी पंजा दाबून फिरलो नव्हतो. म्हणून मला वाटलं, हा माझ्यातला आहे.

सारसाचं घरटं त्याला कुणी दाखवत नव्हतं. गावोगाव विचारलं की लोक म्हणत, यंदा बसलेच नाहीत. बंदूकवाल्याला घरटं दाखवायचं नाही हे आमच्याकडच्या लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मी त्याला बाईकडे नेलं.

बाई गुडघाभर चिखलात होती. धुऱ्यावर येऊन तिनं हात धुतले, त्याच्याकडे खालून वर पाहिलं आणि मला विचारलं, "याले कायले आनलं?"

"सारस पाहाले."

"मंग बंदूक काऊन आनली?"

"ते त्याच्या सामानात असते, बाई. डाकबंगल्यात ठेवून येईन तो."

"आज ठेवून येईन. उद्या?"

मला राग आला. म्हणालो, "बाई, मी आनलेला मानूस हाये."

"म्हूनच त इचारून राहिली."

मग बाईनं अट घातली आणि ती मी त्याला समजावून सांगितली. अंडं, पिल्लू, पीस, कशाला हात लागणार नाही. दुरून बघायचं आणि जायचं. मग दुपट्टा काढला आणि आमच्या दोघांच्या हातांवर टाकला. तिथे ठरवायला भाव नव्हता, फक्त शब्द होता, पण मला दुसरी पक्की रीत ठाऊक नव्हती. त्यानं माझा पंजा धरला आणि चांगला दाबला. त्याची पकड मला अजून आठवते; तबेल्यात काम केलेल्या माणसाची होती.

"काय ठरलं?" बाईनं विचारलं.

"एक पीस हलनार नाही."

"त तोंडानं काऊन नाही बोलला तो?"

"तोंडानं बोललेलं फिरते, बाई. हे फिरत नाही."

मग बाईला काय वाटलं कोण जाणे, ती थेट त्याच्याशी बोलली. "हे पाय गा सायबा. जोडीतला एक मेला त दुसरा जगत नाही. मान टाकून बसते. खात नाही, पीत नाही. एकाले मारनं म्हंजे दोघायले मारनं." मी हिंदीत सांगितलं. त्यानं मान हलवली आणि ते लिहून घेतलं.

तलावाच्या पाळीवर मोहाचं झाड होतं, त्यावर मी मचाण बांधून दिलं. तो सकाळी चढायचा तो जेवायच्या वेळेला उतरायचा. नर आणि मादी पाळीपाळीनं अंड्यांवर बसतात, बदली होताना दोघं माना वर करून एकदम ओरडतात, हे तो पुन्हा पुन्हा बघायचा आणि पुन्हा पुन्हा खूश व्हायचा. बाईचा त्याच्याबद्दलचा संशय हळूहळू गेला. तो गेला याचं श्रेय त्या वेळी मी घेत होतो. ती त्याच्यासाठी भात आणि लाखोळीची डाळ आणायची, कधी सुके झिंगे भाजून आणायची. तो हातानं जेवायचा आणि डाळ कोपरापर्यंत ओघळायची.

"याच्या मायनं याले जेवाले शिकवलं नाही वाटते," बाई म्हणायची.

"त्याची माय लहानपनीच मेली, बाई."

"अस्सं," ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं त्याला सायब म्हणणं सोडलं. पोरगा म्हणायला लागली. पोरगा आला का, पोरगा जेवला का. दोन अंड्यांतलं एक फुटलं आणि पिल्लू बाहेर आलं, ते पहिल्यांदा तिनं पाहिलं आणि तिनंच धावत जाऊन त्याला मचाणावरून खाली बोलावलं. दोघं धुऱ्यावर वाकून उभे होते. त्यानं टोपी काढून छातीशी धरली होती.

मधल्या काळात तो माझ्याबरोबर एकदा आमगावच्या बाजारात आला. त्याला सगळं शिकायचं असायचं. तिथे एक जण उमद्या बैलाचं दावं धरून उभा होता आणि हा सरळ त्याच्याशी बोलायला निघाला. मी दंडाला धरून मागे ओढला. म्हटलं, "दावं धरणारा मालक नसतो. मालक तिकडे झाडाच्या सावलीत बसलेला असतो आणि आपण त्याला पाहू नये अशी त्याची इच्छा असते. आधी तो शोधायचा. दावं धरणाऱ्याशी कितीही गोड बोललास तरी बैल त्याच्या हातात नाही." हे वाक्य त्याला फार आवडलं. परतताना गाडीत त्यानं ते दोन-तीनदा म्हणून पाहिलं, शब्द नीट बसेपर्यंत. मला आनंद झाला. आयुष्यभर जे कमावलं ते मी त्याला फुकट देत होतो.

दसरा झाला. धान पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलं होतं. तो म्हणाला, माझं काम संपत आलं, आता सामान घेऊन पुढे जायचं, जड गाड्या ओढतील असे दोन जोड आण. बालाघाटकडचे बैल चांगले असतात असं तूच म्हणतोस.

"कब तक चाहिए?"

"जल्दी नहीं है," तो म्हणाला. "अच्छा देखकर लाना."

मी चांगलेच पाहिले. चालवून पाहिले, चढावर पाहिले, पाण्यातून नेऊन पाहिले. एवढी मेहनत मी पोळ्याच्या मानाच्या बैलासाठी केली नसती. जोड घेऊन डाकबंगल्यावर आलो तेव्हा दुपार होती. ओसरीवर लांब टेबल मांडलं होतं आणि त्यावर दोन सारस उताणे ठेवलेले होते, पोटात कापूस भरलेले, लांब तांबडे पाय सुतळीनं एकत्र बांधलेले. शेजारी पिल्लू. मुठीत मावेल एवढं राहिलं होतं. खाली उघड्या पेट्यांत घरटं होतं, लव्हाळ्याची काडी न् काडी कागदात गुंडाळून. बांधीतला चिखलसुद्धा त्यानं डब्यात भरून घेतला होता.

तो बाह्या सरसावून काम करत होता. मला पाहून त्याचा चेहरा उजळला. "आ गए. बैल अच्छे मिले?"

मी दावी सोडली नव्हती. बैल मागे उभे होते. म्हणालो, "हाथ दिया था तुमने."

त्यानं हातातली सुई खाली ठेवली. त्याच्या देशातल्या ज्या मोठ्या संग्रहालयानं त्याला पाठवलं होतं, त्यांचा निरोप आला होता म्हणे. त्यांना पूर्ण कुटुंब हवं होतं, घरट्यासकट. तिथे काचेमागे ते जिवंत दिसेल असं उभं करणार. जे लोक कधी इकडे येणार नाहीत, त्यांना पाहता येईल. एक मागितला असता तर दिला असता का, असंही त्यानं मला विचारलं, आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

"फिर दोनों को क्यों मारा?"

"आपकी बहन ने ही तो कहा था," तो शांतपणे म्हणाला. "एक मरे तो दूसरा भूखा मरता है. एक को छोड़ना निर्दयता होती."

लोक अजून सांगतात की मी ते टेबल उलथवलं आणि साहेबाला थोबाडीत मारली. तसं झालं नाही. माझा राग सगळ्या तालुक्याला माहीत होता आणि त्या वेळी तोच आला नाही. मी एवढंच म्हणालो की हे बैल तुझ्या पेट्या ओढणार नाहीत. तो म्हणाला, ठीक आहे, मालगुजाराचे बैल येत आहेत.

तेव्हा मला कळलं की तो माझ्याकडे, बाईकडे, कुणाकडेच विचारायला आला नव्हता. तो सावलीत बसलेल्याकडे गेला होता.

मी तसाच मालगुजाराकडे गेलो. तो तक्तपोसावर लोडाला टेकून पान लावत होता. राग आता आला होता, पण आमच्याकडे मालगुजाराच्या ओसरीवर आवाज चढवायचा तर आधी बहिणीची शेती सोडून द्यावी लागते. मी उभाच राहिलो. त्यानं माझं तोंड पाहिलं आणि हसायला लागला.

"अरे, तुझा चेला मोठा हुशार निघाला," तो म्हणाला. "मले म्हने, दावं धरनारा मालिक नसते, मालिक सावलीत बसते. मी पुसलं, हे कोन शिकवलं तुमाले? त तुझं नाव सांगतलं. मी म्हटलं, बरोबर हाय. जमीन आपली, तलाव आपला, त पाखरू कोनाचं?"

"पाखरू बाईच्या बांधीतलं होतं, मालक."

"बांधी कोनाची?"

साहेबानं मालगुजाराचा मेलेल्या सारसांबरोबर फोटो काढला होता, आणि काचेतलं सगळं तयार झालं की त्याचं चित्र पाठवायचं कबूल केलं होतं. तेवढ्यावर सौदा झाला होता. या सौद्यात दलाल म्हणून मला कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मालक, तुम्ही फार स्वस्तात दिलंत.

बाई शेतात होती. कापणीला आलेलं धान उभं होतं आणि मधोमध ती सोडलेली जागा, नुसतं पाणी. तिथे काही नव्हतं. घरट्याचा ढीगसुद्धा नव्हता. शेजाऱ्यांनी मला नंतर सांगितलं की बार ऐकून तिला वाटलं मालगुजार बदकं मारतो आहे. मग दुसरा बार झाला आणि ती धावली. ती पोचली तेव्हा साहेब पाण्यात उभा होता, आणि तिला पाहून त्यानं टोपी उचलली.

"तू कोठी होता?" तिनं विचारलं.

"बैल आनाले गेल्तो."

"कोनासाठी?"

मी धुऱ्यावरचं गवत पायानं दाबत राहिलो.

"त्याच्या पेट्यायसाठी ना?"

"मले फसवलं त्यानं, बाई," मी म्हणालो. "माह्या हातात हात देऊन फसवलं. मले मुद्दाम बाहेर पाठवलं. मले."

"हो," ती म्हणाली. "तुले फसवलं. मंग माह्या बांधीतलं कोन गेलं?"

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. विळा घेऊन ती कापायला वाकली. मी धुऱ्यावर बराच वेळ उभा राहिलो. तिनं मला बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते. दंडारीची नाटकं होतात, पाळणे लागतात, आणि सोयऱ्याधायऱ्यांना बोलावणं जातं. आपल्या गावच्या मंडईला भावाला न बोलावणारी बहीण आमच्या या झाडीपट्टीत सापडणार नाही. दरवर्षी बाईच्या गावचं कुणी तरी यायचं आणि म्हणायचं, बाईनं सांगतलं, लवकर ये, मागच्या सालावानी उशीर नोको करू. त्या वर्षी कुणी आलं नाही. मी नवीन धोतर घेऊन ठेवलं होतं. बोलावणं नसताना मी जाणार नव्हतो. माझाही काही मान आहे. पुढच्या वर्षीही कुणी आलं नाही. लोक दोन्हीकडून समजावत होते. मी म्हणायचो, गोळी मी घातली का? ते म्हणायचे, नाही गा, तू कायले घालतो. पण बाईला जाऊन हे सांगायला कुणी तयार नव्हतं.

त्या बांधीत पुन्हा जोडी आली नाही. बाई मात्र रोवणा करताना तेवढी जागा सोडतच राहिली, असं मला बाजारात लोक सांगायचे. मी विषय बदलायचो.

काही वर्षांनी मालगुजाराच्या बैठकीत एक चौकट टांगली गेली. मी दुसऱ्या कामानं गेलो होतो, त्यानं हौसेनं दाखवली. चित्रात काचेमागे दोन सारस माना वर करून उभे, पायाशी घरटं, पिल्लू. मागच्या भिंतीवर तलाव, पाळ आणि मोहाचं झाड रंगवलेलं. झाडावर मचाण नव्हतं. धुऱ्यावर कुणी माणूस नव्हतं. धानाचं एक रोपही नव्हतं. नुसतं जंगली गवत दाखवलं होतं, जणू ती जागा कुणाचीच नव्हती आणि कुणी कधी तिथे वाकून रोवणा केला नव्हता. खाली इंग्रजीत ओळ होती. मालगुजारानं ती कुणाकडून तरी वाचून घेतली होती. त्यात साहेबाचं नाव होतं. मालगुजाराचं नव्हतं. हे सांगताना मालगुजाराचा चेहरा पडला होता, आणि त्या घरात मला मिळालेलं तेवढंच समाधान.

मला तेव्हा ते कोट आठवले. दारात उभा राहून दुसऱ्यांचे कोट सांभाळणारा तो पोरगा. त्याच्या बाबतीत जे झालं ते तो विसरला नव्हता. नीट शिकला होता. त्याचं शिक्षण तबेल्यात सुरू झालं आणि माझ्या गाडीत पूर्ण झालं, असं मी आता म्हणतो. फी मात्र कुणी भरली?

दुसरी मोठी लढाई संपून लोक आता स्वराज्य येणार म्हणू लागले होते, त्या सुमाराची गोष्ट. आमगावच्या बाजारात बाई आली. बाजारात बाया येतात, पण बैलांच्या बाजूला येत नाहीत. ती आली. तिचा एक बैल मेला होता. बरोबर शेजारचा शेतकरी होता, आणि तिच्या काखेत नवीन वळलेलं दावं. आमच्याकडे घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं असतं. जुनं विकणाऱ्याकडे राहतं. ती सगळ्या बाजारातून हिंडली. एकेक बैल पाहत पाहत माझ्यापाशी येऊन थांबली. केस सगळे पांढरे झाले होते.

शेजाऱ्यानं माझी नजर चुकवली. म्हणाला, "बाईले बैल पायजे. समदा बाजार पायला, तुमचाच पसंत पडला तिले. आमी काय करनार."

मी बसलो, दुपट्टा काढला आणि शेजाऱ्याच्या हातावर टाकला. त्याची बोटं धरणार, एवढ्यात बाई म्हणाली, "दुपट्टा काढ."

मी वर पाहिलं.

"तोंडानं सांग. मोठ्यानं."

"बाई, बाजारात असं नाही करत."

"नाही करत. मी करून राहिली."

बाजूचे दलाल सरकत सरकत जवळ आले. एक जण म्हणाला, "काय गा, आज लिलाव हाये का?" दुसरा हसला. मी दुपट्टा खांद्यावर टाकला आणि भाव सांगितला. कुणालाही ऐकू जाईल असा सांगितला.

बाईनं मान हलवली. "हा बहिनीचा झाला. मले बाजाराचा सांग."

मग मी बाजाराचा सांगितला. माझा खरेदीचा भाव काय आणि वर मी काय धरतो, हे त्या दिवशी सगळ्या आमगावला कळलं. ती "बरं" म्हणाली आणि घासाघीस केली नाही. शेजारी व्यवहार करू लागला. मी बैलाच्या गळ्यातलं माझं दावं सोडलं, तिनं आपलं बांधलं. गाठ ती पूर्वी बांधायची तशीच, दोन पीळ आणि टोक आत.

"दात किती?" तिनं विचारलं.

"चार."

तिनं बैलाच्या नाकाला हात घातला, मान वर केली, ओठ उलटा केला आणि स्वतः पाहिलं. सगळे बघत होते. मग तिनं ओठ सोडला, बैलाच्या तोंडावरून हात फिरवला आणि त्याला घेऊन निघाली.

दात चारच होते.